वस्तीतला वंशभेद: एका दिवसाच्या मेळाव्यापुढचं काम

बहुसांस्कृतिक कार्यक्रम म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच आराखडा निघतो. एक दिवस, एक मांडव, वेगवेगळ्या देशांचे झेंडे, पोशाख, नाच आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. लोक हौसेने येतात, हसतखेळत घरी जातात. दुसऱ्या दिवशी घर भाड्याने नाकारणारा मालक पुन्हा नाकारतो, वर्गात त्याच मुलाला त्याच्या रंगावरून चिडवलं जातं. मेळावा वाईट नव्हे, पण त्यात एक गट दाखवणारा असतो आणि दुसरा बघणारा. ही मांडणीच दोघांमधलं अंतर जसंच्या तसं ठेवते.

अंतर कमी कशाने होतं याचा अभ्यास बराच जुना आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये चार अटी मांडल्या: दोन्ही गटांना समान दर्जा, समान उद्दिष्ट, ते गाठण्यासाठी एकमेकांची गरज, आणि वरच्या माणसांचा उघड पाठिंबा. पुढे 2006 मध्ये 515 अभ्यास एकत्र तपासले गेले. दोन गटांच्या संपर्काने पूर्वग्रह बहुधा कमी होतो आणि या अटी पाळल्या तर अधिक कमी होतो, असं त्यातून दिसलं.

नुसतं एकत्र आणलं तर काय होतं, हेही 1954 मध्येच दिसलं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 22 मुलांच्या शिबिरात दोन गट पाडले आणि त्यांच्यात स्पर्धा लावल्या. वैर वाढल्यावर दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र चित्रपट दाखवले. वैर काही ओसरलं नाही. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि ते सर्वांना मिळून सुरू करावं लागलं, अशा प्रसंगांनंतर मुलं जवळ आली. तिथली सगळी मुलं एकाच वर्णाची होती, म्हणून त्यावरून वंशभेदाबद्दल सरसकट निष्कर्ष काढू नये. पण कार्यक्रम आखणाऱ्याने एवढं नक्की घ्यावं: एकत्र बसणं वेगळं आणि एकत्र मिळून काही पार पाडणं वेगळं.

खाली सहा महिन्यांच्या कामाची रीत दिली आहे. शाळा, वाचनालय, रहिवासी संघ, खेळाचं मंडळ, कोणीही ती वापरू शकेल.

पहिला महिना: फक्त ऐकायचं

आधी 6 ते 8 जणांचा गट करा. त्यातले निम्मे तरी अशा समाजांतले हवेत ज्यांना भेदभाव सोसावा लागतो. एकच माणूस घेतला तर तो आपोआप त्या सगळ्या समाजाचा प्रवक्ता ठरतो. त्याला मतभेद मांडता येत नाही आणि थकून तो महिनाभरात बाहेर पडतो. खर्चाचा अंदाज मांडताना दुभाषा, बैठकीच्या वेळी मुलांना सांभाळणारी व्यक्ती आणि प्रवासखर्च हे तीन रकाने सुरुवातीलाच घाला. ते नसले की येऊ शकतात फक्त ज्यांच्याकडे फावला वेळ आणि पैसा आहे ते. आणखी एक: ज्यांना त्रास होतो त्यांच्याकडूनच सगळ्यांना समजावण्याचं काम फुकटात करून घेऊ नका. वक्ता म्हणून बोलावलं तर इतर वक्त्यांना देता तेवढंच मानधन द्या.

मग 20 ते 25 माणसांशी प्रत्येकी साधारण 40 मिनिटं बोला. त्यांना सोयीच्या जागी आणि त्यांच्या भाषेत. दोघांनी जायचं: एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. ‘इथं वंशभेद आहे का?’ असं विचारलं तर बहुतेक जण ‘तसं काही नाही’ म्हणून मोकळे होतात, कारण हो म्हटलं की पुरावा द्यावा लागेल अशी धास्ती असते. त्याऐवजी जागा आणि प्रसंग विचारा. गेल्या वर्षभरात वस्तीतल्या कुठल्या जागी जायचं तुम्ही टाळलंत? कुठल्या कामासाठी तुम्ही एकट्याने न जाता कोणाला सोबत नेता? मुलाने शाळेतलं काय सांगितलं जे ऐकून झोप लागली नाही? अडचण आली तर शेजारच्या कुठल्या घराचं दार वाजवाल?

उत्तरं वस्तीच्या नकाशावर खुणांनी मांडा, नावं लिहू नका. दहा-बारा बोलण्यांनंतरच खुणा दोन-तीन ठिकाणी दाटायला लागतात. बसथांबा, शाळेचं फाटक, अर्ज घ्यायची एखादी खिडकी. कामाला तिथून सुरुवात करायची.

जाहीर सभा घेऊन हेच साधेल असं वाटतं, पण साधत नाही. ध्वनिक्षेपक हातात घेणारे ठरलेले असतात, आणि ज्याला रोज त्याच रस्त्याने जायचं आहे तो सगळ्यांदेखत त्या रस्त्याबद्दल बोलत नाही. दुसरी चूक याहून गंभीर: ऐकून घेतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. ज्यांच्याशी बोललात त्यांना चार आठवड्यांच्या आत कळवा की काय हाती लागलं आणि पुढे काय करणार. त्यांनी विश्वासाने सांगितलं आहे, एवढं तर त्यांचं देणं लागतंच.

एकत्र काम निवडताना

8 ते 12 आठवडे चालेल, आठवड्यातून एकदा दोन तास लागतील आणि शेवटी सगळ्यांना वापरता येईल असं काहीतरी उभं राहील, असं काम शोधा. पडीक जागेवर बाग, वस्तीचा बोलका इतिहास ध्वनिमुद्रित करणं, शाळेच्या रस्त्यावरच्या धोक्याच्या जागा मोजून त्यांचा आराखडा देणं. भाषा कच्ची असलेल्या माणसालाही त्यात मानाचं काम मिळालं पाहिजे. केवळ भाषणं आणि चर्चा असलेला उपक्रम इथेच फसतो.

गट 5-6 जणांचे करा आणि ते तुम्हीच पाडा. लोकांवर सोडलं तर ओळखीचे ओळखीच्यांत जाऊन बसतात. एका गटात एखाद्या समाजाचा एकटाच माणूस नको, किमान दोघे असू द्या.

स्पर्धा ठेवायची असेल तर ती गटागटांत ठेवा, समाजासमाजांत नको. उत्तर प्रदेशात 1,261 तरुणांना घेऊन क्रिकेट सामन्यांचा एक प्रयोग झाला होता. एकाच संघात वेगवेगळ्या जातींचे खेळाडू असलेल्यांची जातीबाहेरची मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून समोरासमोर आलेल्यांबाबत मात्र परिणाम उलटा झाला. ‘अमुक समाजाचा संघ विरुद्ध तमुक समाजाचा संघ’ असा मैत्रीचा सामना भरवण्याआधी हे आठवा.

इराकमध्येही फुटबॉलचा असाच प्रयोग झाला. विस्थापित ख्रिस्ती खेळाडूंच्या काही संघांत मुस्लिम खेळाडू घेतले. संघातल्यांशी आणि स्पर्धेतल्या इतर मुस्लिम खेळाडूंशी वागणूक सुधारली, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दलचा भाव फारसा बदलला नाही. तो आपोआप बदलेल असं धरून चालू नका. म्हणून कामाच्या मध्यावर मुद्दाम पूल बांधा: गटातल्या प्रत्येकाने घरातल्या एकाला किंवा शेजाऱ्याला त्या दिवशी कामाला आणायचं, दोन गटांतली माणसं अदलाबदल करायची, काम संपल्यावर त्याची देखभाल त्याच मिश्र गटाकडे सोपवायची.

दर आठवड्याला एक साधी नोंद ठेवा: आज सूचना कोणी दिल्या, झाडलोट कोणी केली, पाहुण्यांशी कोण बोललं. तीन आठवडे तीच नावं त्याच रकान्यात दिसली तर समान दर्जाची अट मोडली आहे आणि बाहेरची उतरंड आत आली आहे. भूमिका चिठ्ठीने फिरवा. समजूत घालण्यापेक्षा चिठ्ठी बरी, तिच्याशी कोणी हुज्जत घालत नाही.

मुलांबरोबर

मुलं लहान आहेत, त्यांना हे कळत नाही, हा समज फार महागात पडतो. केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1940 च्या दशकात 3 ते 7 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली बाहुली कुठली, असं विचारल्यावर बहुतेकांनी गोरी उचलली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा या कामाचाही आधार घेतला. तेव्हा ‘आम्हाला रंग दिसतच नाही’ असं मुलांना सांगू नका. त्यांना रंग दिसतो. तुम्ही गप्प राहिलात तर त्याचा अर्थ ते खेळाच्या मैदानावरून आणि पडद्यावरून शिकतात.

वर्गात वापरायला जुनी आणि खात्रीची पद्धत म्हणजे तुकडेजोड. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी ती 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात आणली. वेगवेगळ्या वर्णांची मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि भांडणं थांबत नव्हती. एक पाठ घेऊन ती अशी चालवता येते.

30 मुलांच्या वर्गाचे पाच-पाच जणांचे सहा मिश्र गट करा. पाठाचे पाच तुकडे करा, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे समजेल असा. गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्या आणि 10 मिनिटं वाचू द्या. मग सगळ्या गटांतली ‘पहिला तुकडा’वाली सहा मुलं एका कोपऱ्यात, ‘दुसरा’वाली दुसऱ्या कोपऱ्यात, अशी 15 मिनिटं बसतील, आपला तुकडा नीट समजून घेतील आणि तो कसा शिकवायचा हे ठरवतील. त्यानंतर प्रत्येक जण मूळ गटात परत जातो आणि बाकीच्यांना 4 मिनिटांत आपला तुकडा शिकवतो, म्हणजे पाच जणांची 20 मिनिटं. शेवटी सगळ्या पाठावर 10 मिनिटांची चाचणी, प्रत्येकाची वेगळी. एका तासिकेत हे बसत नाही, दोन सलग तासिका घ्या.

इथली खरी जागा कोपऱ्यातली ती 15 मिनिटं आहे. घाई झाली की शिक्षक नेमकी तीच कापतात. मग भाषा अजून जमत नसलेलं मूल तयारीशिवाय गटात परत जातं, अडखळतं, आणि इतर चौघं त्याच्यावर उखडतात. ज्या मुलासाठी सगळं केलं त्यालाच आपण तोंडघशी पाडतो. कोपऱ्यात त्याचं वाक्य सोबतच्या मुलांनी आधी ऐकलं असेल, त्याला दोन शब्द सुचवले असतील, तर तेच मूल सांगायला सावरून बसतं. कोणी त्याला घाई केली तर शिक्षकाने एवढंच म्हणावं: ‘चाचणीतला तो भाग फक्त त्यालाच माहीत आहे. त्याला विचारून घ्या.’ ओरडा नको, उपदेशही नको. त्याच्याकडून माहिती कशी काढायची हे मुलं एक-दोन आठवड्यांत शिकायला लागतात. गैरहजेरीची सोयही आधीच करा: दोन मुलांना ‘राखीव’ ठेवून एकेक जादा तुकडा वाचायला द्या. किमान सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा चालवा.

निळ्या डोळ्यांची आणि तपकिरी डोळ्यांची मुलं वेगळी करून एका गटाला कमी लेखायचा, असा प्रयोग जेन एलियट या शिक्षिकेने एप्रिल 1968 मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर लगेच, अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या आपल्या वर्गात केला. तो जगभर गाजला. आमचा सल्ला स्पष्ट आहे: त्याची नक्कल करू नका. मुलांना खरोखर दुखावणारा हा खेळ आहे, त्याच्या परिणामाचे पुरावे मिश्र आहेत, आणि जे मूल हे रोज सोसतं त्याला पुन्हा तेच सोसायला लावण्यात काहीच हशील नाही.

पुस्तकांच्या कपाटाची तपासणी मात्र प्रत्येकाने करावी. बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी 1990 मध्ये म्हटलं की पुस्तक मुलाला आरसाही वाटायला हवं आणि खिडकीही. कपाटातली कुठलीही 50 पुस्तकं काढा आणि चार रकाने भरा: मुख्य पात्र कोणत्या समाजातलं, गोष्टीतली अडचण कोण सोडवतं, ते पात्र फक्त दुःखात किंवा फक्त सणासमारंभातच दिसतं का, आणि लिहिणारा त्या समाजातला आहे का. पहिला रकाना बरा दिसतो आणि दुसरा उघडा पडतो, असं पुष्कळदा होतं: गरीब, परकं पात्र पुस्तकात असतं, पण त्याला वाचवणारा नेहमी दुसराच कोणी. नवी खरेदी करताना रोजच्या जगण्याच्या गोष्टी आधी घ्या: भावंडांचं भांडण, हरवलेला चेंडू, परीक्षेची भीती. घरची भाषा बोलल्याबद्दल मुलाला टोकणं तर आजच बंद करा.

प्रसंग घडला तर

डोळ्यांदेखत कोणाचा अपमान होत असेल तर काय करायचं, हे शिकवल्याशिवाय बाकीचं काम अर्धवट राहतं, कारण बघणारे बहुतेक जण वाईट नसतात, गोठलेले असतात. पाच वाटा आहेत आणि धाडसी वाट त्यांतली एकच. लक्ष दुसरीकडे वळवणं. जबाबदार माणसाला बोलावणं. घडतं आहे ते टिपणं. नंतर विचारपूस करणं. आणि थेट बोलणं. इजा होण्याचा धोका दिसला तर थेट बोलू नका, मदत बोलवा.

शब्द आधी तोंडात बसलेले हवेत, ऐन वेळी सुचत नाहीत. तिघा-तिघांचे गट करून 15 मिनिटं मोठ्याने सराव करा. बसमध्ये कोणी एका बाईला ‘आपल्या देशात परत जा’ म्हणतो. तुम्ही त्याच्याकडे न बघता तिच्याशेजारी जाऊन बसता: ‘ही बस पुढच्या चौकात थांबते का हो?’ बोलणं चालू ठेवता. थोड्या वेळाने हळूच: ‘मी सगळं ऐकलं. ते चुकीचं होतं. तुम्ही उतराल तिथपर्यंत सोबत थांबू का?’ थेट बोलायचं तर वाक्य छोटं आणि वागण्यावर असावं: ‘असं बोलू नका, इथे हे चालणार नाही.’ ‘तुम्ही वंशद्वेष्टे आहात’ म्हटलं की वाद त्या माणसाच्या चारित्र्यावर जातो आणि ती बाई बाजूलाच राहते. चित्रीकरण केलं असेल तर ते तिच्या हवाली करा. तिला न विचारता पसरवणं म्हणजे तिचा अपमान हजारो जणांना पुन्हा दाखवणं.

वस्तीत एक नोंदवही ठेवा. तारीख, वेळ, जागा, जसे बोलले तसेच शब्द, कोण हजर होतं, आणि त्रास झालेल्या व्यक्तीला पुढे काय व्हायला हवं आहे. वहीपर्यंत पोचायला किमान दोन माणसं ठेवा, त्यांतली एक स्त्री असावी. 48 तासांत पहिला निरोप गेला पाहिजे, उत्तर तयार नसलं तरी. नोंद आणि निवाडा एकमेकांत मिसळू नका. लंडनमध्ये 1993 मध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा वंशद्वेषातून खून झाला. त्या तपासावरच्या 1999 च्या मॅकफर्सन अहवालाने सुचवलं की पीडिताला किंवा अन्य कोणालाही एखादी घटना वंशद्वेषी वाटली, तर तिची नोंद तशीच व्हावी. चौकशी पुढे होईल, निष्कर्ष वेगळाही निघू शकेल. पण दारातच ‘तुमचा गैरसमज झाला असेल’ म्हटलं तर तो माणूस पुन्हा येत नाही.

नियमांकडे वळा

मनं बदलायला वेळ लागतो, अर्जाचा नमुना महिन्यात बदलता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या 21 डिसेंबर 1965 च्या करारात वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांवरून केलेला कुठलाही फरक भेदभाव धरला आहे, जर त्याच्या हेतूमुळे किंवा परिणामामुळे हक्कांना बाधा येत असेल. ‘किंवा परिणामामुळे’ हे शब्द कामाचे आहेत. कोणाच्या मनात काय होतं हे सिद्ध करत बसायचं कारण नाही. शाळेत गेल्या वर्षी वर्गाबाहेर काढलेल्या मुलांची यादी घ्या, समाजनिहाय मोजा आणि पटाशी ताडून बघा. प्रवेशाच्या माहितीची भाषा, पालकसभेची वेळ, खेळाच्या निवडीचे निकष, सगळं याच नजरेने तपासा. एका वेळी एकच नियम उचला, आणि तो कोण बदलू शकतो त्या माणसाचं पद लिहूनच बैठकीला जा.

न पटणाऱ्यांशी बोलताना

आकडे आणि युक्तिवाद तोंडावर फेकल्याने मत हलत नाही. बाहेरून आलेल्या लोकांविषयी घरोघरी बोलण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले, त्यांचे निष्कर्ष 2020 मध्ये आले: दोष न देता ऐकलं आणि अनुभवांची देवाणघेवाण केली तर बदल किमान चार महिने टिकला, नुसते मुद्दे मांडून परिणाम झाला नाही. सुरुवात अशी करा: ‘शून्य म्हणजे अजिबात पटत नाही, दहा म्हणजे पूर्ण पटतं. या मुद्द्यावर तुम्ही कुठे आहात?’ आकडा ऐका, ‘तोच का?’ विचारा आणि गप्प राहा. मग विचारा, ‘तुम्हाला कधी परकं वाटायला लावलं होतं का कोणी?’ इथे माणूस थांबतो. ती शांतता भरून काढायची घाई करू नका. शेवटी पुन्हा आकडा विचारा. चाराचा पाच झाला तरी ती भेट चांगली झाली. मात्र हे काम भेदभाव सोसणाऱ्यांवर लादू नका. ज्यांना ते ऐकून घरी शांत झोप लागेल त्यांनी ते करावं.

कोणाला पुढे करायचं हेही विचारपूर्वक ठरवा. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या 56 शाळांच्या अभ्यासात मुलांनाच विचारलं होतं की तुम्ही कोणाबरोबर वेळ घालवता. मग त्यांतल्या निम्म्या शाळांत काही मुलांचे गट करून त्यांच्याकडून भांडणं आणि छळाविरुद्ध मोहीम चालवली. बाकीच्या शाळांच्या तुलनेत तिथे भांडणांबद्दलच्या शिस्तभंगाच्या नोंदी सुमारे 30 टक्क्यांनी घटल्या, आणि ज्यांच्याशी सर्वाधिक जणांचा संबंध होता अशी मुलं गटात जितकी जास्त, तितका परिणाम ठळक. हुशार आणि आज्ञाधारक मुलंच निवडण्याची आपली सवय इथे आडवी येते.

मोजणी

किती लोक आले हे मोजून फारसं कळत नाही. पहिल्या आणि सहाव्या महिन्यात तेच तीन मोजा: जेवणाच्या सुट्टीत किंवा बैठकीत कोण कोणाशेजारी बसतं याचा आराखडा, अडचणीत कोणाचं दार वाजवाल या प्रश्नाचं उत्तर, आणि नोंदवहीतल्या नोंदी. नोंदी सुरुवातीला वाढतील. संस्थेचे पदाधिकारी घाबरून वही बंद करायला बघतील, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा: त्रास पूर्वीही होता, आता लोक येऊन सांगू लागले आहेत. नोंदींच्या संख्येसोबत दोन गोष्टी दर महिन्याला वाचून दाखवा: किती जणांना 48 तासांत निरोप गेला, आणि किती जणांनी दुसऱ्या वेळीही वहीपर्यंत येणं पसंत केलं.